मारताना रडणारा तलवारबाज

अनंत चतुर्दशी होऊन आठवडा उलटायच्या आत, १२ सप्टेंबर २०२५ रोजी, ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी ॲनिमेशनपट भारतात लागला. मुंबईत त्याचे खेळ पहाटेपासून होते. जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत तो आला. मराठीत आला नाही. तरी आमच्या दिंडोशीत, मृणाल गोरे यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या नागरी निवारा परिषदेच्या इमारतींत वाढणाऱ्या मराठी मुलांनी आपली तिकिटं आधीच काढून ठेवली होती. त्यातली बरीच मुलं मूळ जपानी आवाजच हवा म्हणून हट्ट धरतात आणि खालची इंग्रजी अक्षरं भराभर वाचत जातात. जिन्यात, मैदानात, मेट्रोच्या पुलावर त्यांची चर्चा चालू असते : कुठला आर्क भारी, कुठला भाग फिलर, कुणाची तलवार कुठल्या रंगाची.

घरातल्या मोठ्यांना यातलं फारसं काही कळत नाही. कार्टून आहे, मारामारी आहे, रक्त फार आहे, एवढंच त्यांना दिसतं. ही मालिका मी सुरुवातीपासून पाहत आलो आहे आणि ती गंभीरपणे घेण्याच्या योग्यतेची आहे असं माझं ठाम मत आहे. तिच्यात दोषही आहेत, आणि ते लहान नाहीत. पण गुण आणि दोष दोन्ही एकाच मुळातून उगवलेले आहेत, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहावंसं वाटलं.

गोष्ट थोडक्यात अशी. काळ जपानचा तैशो काळ, म्हणजे १९१२ ते १९२६. डोंगरात राहणारा तांजिरो कामादो हा मुलगा कोळसा विकून आई आणि भावंडांना पोसतो. एके दिवशी तो कोळसा विकायला खालच्या गावात जातो, रात्री तिथेच राहतो आणि सकाळी परततो तेव्हा घरातली सगळी माणसं मारली गेलेली असतात. धाकटी बहीण नेझुको तेवढी जिवंत असते, पण ती आता माणूस राहिलेली नसते. या जगातले राक्षस माणसांचं मांस खातात, सूर्यप्रकाशात जळून जातात आणि एरवी खास धातूच्या तलवारीनं मुंडकं उडवल्याशिवाय सहसा मरत नाहीत. महत्त्वाची गोष्ट अशी की ते सगळे एके काळी माणसंच होते. मुझान किबुत्सुजी नावाच्या आद्य राक्षसाचं रक्त अंगात गेलं की माणसाचा राक्षस होतो. बहिणीला पुन्हा माणूस करायचं म्हणून तांजिरो राक्षस मारणाऱ्यांच्या गुप्त दलात भरती होतो. तोंडात आडवा बांबू बांधलेली नेझुको दिवसा त्याच्या पाठीवरच्या लाकडी पेटीत बसून त्याच्याबरोबर फिरते.

कोयोहारु गोतोगे यांची ही मूळ चित्रकथा ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात फेब्रुवारी २०१६ ते मे २०२० या काळात आली. २०५ प्रकरणं, २३ खंड, आणि संपली. लोकप्रियतेच्या अगदी शिखरावर असताना संपली, हे मला तिच्या मोठ्या गुणांपैकी एक वाटतं. जपानी चित्रकथांच्या धंद्यात चालणारी गोष्ट वीस-वीस वर्षं ताणली जाते. इथे लेखकाला शेवट ठाऊक होता आणि तो गाठायची घाई होती. युफोटेबल या स्टुडिओनं हारुओ सोतोझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तिची मालिका केली. पहिलं पर्व एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालं, २६ भागांचं. त्यानंतर आलेल्या ‘मुगेन ट्रेन’ या चित्रपटानं (ऑक्टोबर २०२०) करोनाच्या काळात जपानमध्ये ४,००० कोटी येनांहून अधिक गल्ला जमवला आणि मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’चा २००१ पासूनचा विक्रम मोडला.

एवढं यश कशामुळे, याचं पहिलं उत्तर डोळ्यांना मिळतं. तांजिरो पाण्याच्या पद्धतीनं तलवार चालवतो तेव्हा पात्यामागून निळी लाट उसळते. ती लाट खऱ्या पाण्यासारखी दिसत नाही. तिला जाड काळी किनार आहे, पांढऱ्या फेसाची नखं आहेत, आतल्या रेषा लाकडी ठशानं छापल्यासारख्या आहेत. होकुसाई आणि त्याच्या काळातल्या जपानी ठसाचित्रांची ती परंपरा आहे. युफोटेबलनं हाताने काढलेल्या या लाटा आणि ज्वाळा संगणकावर उभ्या केलेल्या जागेत अशा बसवल्या की कॅमेरा तलवारबाजाभोवती फिरतो, झाडांमधून वाट काढतो, तरी चित्राचं चित्रपण सुटत नाही. रंगकाम, कॅमेऱ्याची जुळणी, संगणकीय दृश्यं हे सगळं एकाच स्टुडिओच्या छपराखाली होतं, त्याचा हा परिणाम आहे. शिवाय पाणी प्रत्यक्षात कुठे वाहत नसतं. ते तलवारीच्या चालीचं मनातलं रूप आहे, आणि हे रूप प्रेक्षकाला कळतं तेव्हा तो लढतीकडे नृत्याकडे पाहावं तसा पाहू लागतो.

पहिल्या पर्वाचा १९ वा भाग, १० ऑगस्ट २०१९ रोजी प्रक्षेपित झालेला, या कलेचा कळस आहे. समोर रुई नावाचा कोळीराक्षस, त्याचे धागे तलवारीलाही कापणारे. पाण्याच्या सगळ्या चाली थकल्यावर तांजिरोला आजारी बापाची आठवण येते. तो बाप वर्षातून एकदा बर्फात, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, अग्निदेवतेपुढे न थांबता नाचायचा. आपल्याकडे खंडोबाच्या जागरणात रात्रभर उभा राहणारा वाघ्या ज्यानं पाहिला आहे, त्याला या बापाचं बळ कुठून येतं हे समजावून सांगावं लागणार नाही. त्या नाचातल्या श्वासावर तांजिरोची तलवार पेटते, निळ्या लाटेच्या जागी ज्वाळा येते, आणि गो शिइना यांचं गाणं सुरू होतं. गाणं चालू असतानाच श्रेयनामावली येते, पण कुणी उठत नाही. बापाचा वारसा हा विषय जपानी मालिकांना नवा नाही. मात्र तो वारसा शस्त्राचा नसून एका कष्टकरी घरातल्या व्रताचा आहे, ही कल्पना फार सुंदर आहे.

दुसरा गुण तलवारीविषयीचा आदर. १८७६ मध्ये जपानी सरकारनं सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी केली. त्यामुळे तैशो काळातले हे तलवारबाज कायद्याच्या नजरेत गुन्हेगार आहेत. रेल्वे स्टेशनवर पोलीस दिसले की त्यांना तलवारी लपवाव्या लागतात. आपल्याकडे दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, लिटनच्या राजवटीनं शस्त्र कायदा आणला. दोन्हीकडे तलवार रस्त्यावरून घरात गेली आणि आपल्याकडे दसऱ्याच्या पूजेपुरती बाहेर येऊ लागली. ‘डीमन स्लेयर’मधल्या तलवारीला तिचा लोहारही आहे. तांजिरोची तलवार घडवणारा हागानेझुका तिला ओरखडा गेला तरी पिसाळतो आणि तुटली तर सुरा घेऊन मागे लागतो. एक अख्खं पर्व लोहारांच्या गुप्त गावात घडतं. सूर्याच्या सगळ्यात जवळच्या डोंगरावरच्या लालसर लोहवाळूपासून या तलवारी बनतात ही कल्पना असली, तरी तिचा पाया खरा आहे. जपानी कातानासाठीचं पोलाद खरोखरच लोहवाळू आणि कोळसा यांतून, तातारा नावाच्या मातीच्या भट्टीत तयार होतं. पाण्यात बुडवण्याआधी पात्याच्या पाठीला मातीचा जाड लेप आणि धारेला पातळ लेप देतात, म्हणजे धार कडक होते आणि पाठ लवचीक राहते.

मुलांना या मालिकेमुळे शस्त्रांच्या घडणीविषयी कुतूहल वाटू लागलं असेल, तर ते घराजवळ वळवता येईल. मालिकेतल्या मित्सुरी या तरुणीची तलवार चाबकासारखी लवचीक आहे. दिंडोशीतल्या मुलांना ती निव्वळ कल्पना वाटते. त्यांना दांडपट्टा दाखवावा. कोपरापर्यंतची लोखंडी मूठ, लवणारं लांब पातं, आणि अंगाभोवती फिरणारा मर्दानी खेळातला तो वेढा. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सरकारनं लंडनच्या लिलावात विकत घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. तिचं पातं युरोपीय आहे, आणि त्यावर सोन्यात देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव आहे. एका पात्यात दोन खंडांचा इतिहास आहे. यावर कुणी बारा भागांची मालिका लिहायला घेतली तर?

पण मालिकेचा खरा गाभा वेगळाच आहे. तांजिरो ज्यांना मारतो त्यांच्यासाठी रडतो. दलात येण्याच्या परीक्षेतच शेकडो हातांचा एक राक्षस त्याला भेटतो. त्या राक्षसानं तांजिरोच्या गुरूचे अनेक शिष्य खाल्लेले असतात. मुंडकं तुटल्यावर राक्षसाला आपला मोठा भाऊ आठवतो, ज्याचा हात धरून तो झोपायचा. तांजिरो त्या विरघळणाऱ्या राक्षसाचा हात हातात घेतो. रुई मरतो तेव्हा त्याच्या मागे फक्त कपडे उरतात. वरिष्ठ तलवारबाज गियु त्या कपड्यांवर पाय ठेवून उभा राहतो, तर जखमी तांजिरो त्याला पाय काढायला सांगतो. मारायला तो कचरत नाही, कारण मेलेल्यांचं ऋण त्याच्या डोक्यावर आहे. पण मेलेल्या शत्रूला तुडवू देत नाही. सूडकथांनी भरलेल्या बाजारात ही गोष्ट मुलांपर्यंत पोहोचली याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या इथली तेरा-चौदा वर्षांची मुलं काठ्या घेऊन लढाई खेळतात तेव्हा ‘मेलास तू’ म्हटल्यावर पडलेल्याचा हात धरायचा, असा नियम त्यांनीच केला आहे. कुणी शिकवला नाही.

आता दोष. हीच करुणा मालिकेचा साचा होऊन बसते. मुंडकं तुटतं, काळ थांबतो, राक्षसाचं बालपण दिसतं, गरिबी, छळ, एक हरवलेलं प्रिय माणूस, अश्रू, राख. पहिल्या तीन-चार वेळा काळजाला हात घालणारी ही रचना पुढे अंदाज करण्याजोगी होते. पराभव दिसू लागला की आता आठवण येणार, हे पाहणाऱ्याला आधीच कळतं. ‘इन्फिनिटी कॅसल’मध्ये अकाझा या राक्षसाशी चाललेली लढत शेवटाकडे आली असताना मध्येच त्याची जीवनकथा सुरू होते आणि बराच वेळ चालते. ती कथा स्वतंत्रपणे फार चांगली आहे. आजारी बापासाठी चोरी करणारा हाकुजी, म्हणजे माणूस असतानाचा अकाझा, आणि औषधासारखं प्रेम देणारी कोयुकी ही माणसं विसरता येत नाहीत. पण १५५ मिनिटांच्या चित्रपटात तिची जागा चुकली आहे. छापील चित्रकथेत वाचक आपल्या गतीनं पानं उलटतो. पडद्यावर तोच क्रम जसाच्या तसा ठेवला की ताण विरतो.

याहून मोठा दोष म्हणजे सांगण्याचा सोस. लाट दिसते, पाय घसरतो, तलवार हुकते, हे सगळं चित्रात स्वच्छ दिसत असताना तांजिरो मनातल्या मनात तेच बोलत राहतो : पाय घसरला, श्वास पुरत नाही, आता उजवीकडून वार येणार. जगातल्या सर्वोत्तम रेखाटनकारांनी काढलेल्या हालचालीवर असा शब्दांचा लेप चढवणं मला अक्षम्य वाटतं. याचा पुरावा त्याच चित्रपटात आहे. तांजिरोचा भित्रा, रडका सोबती झेनित्सु आपल्या जुन्या गुरुबंधूसमोर उभा राहतो, नेहमीची बडबड गप्प झालेली असते, आणि लढत अगदी थोडक्यात संपते. काताना कमरेला धार वर करून लावतात, म्हणून म्यानातून काढणं आणि कापणं ही एकच क्रिया होऊ शकते. झेनित्सुची सगळी लढाई त्या एका क्षणावर उभी आहे. चित्रपटातल्या तीन मोठ्या लढतींपैकी हीच मला सगळ्यात श्रेष्ठ वाटते, कारण इथे दिग्दर्शकानं प्रेक्षकाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला.

दुर्दैवानं हाच झेनित्सु मालिकेतला विनोदाचा ठेकेदारही आहे. वाटेत भेटलेल्या मुलीच्या पायाशी लोळण घेऊन लग्न कर म्हणून गयावया करणं, कानठळ्या बसतील असं किंचाळणं, नेझुकोच्या मागे मागे फिरणं. हे गमतीचं म्हणून दाखवलं जातं आणि ते गमतीचं नाही. नको म्हणणाऱ्या मुलीच्या मागे लागण्यात विनोद शोधायची सवय आपल्या हिंदी-मराठी पडद्यानं पुष्कळ लावली आहे, तिला जपानहून भर नको. मित्सुरीच्या गणवेशाची उघडी छाती हा असाच प्रकार. ज्या लेखणीनं शिनोबु कोचो घडवली तिच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. शिनोबुच्या हातांत मुंडकं उडवण्याएवढं बळ नाही, म्हणून ती विस्टेरियाच्या फुलांपासून विष तयार करते आणि सुईसारख्या तलवारीनं ते टोचते. तिच्या ओठांवर कायम हसू असतं आणि त्या हसण्याखाली बहिणीच्या खुनाचा राग जळत असतो. अशी स्त्रीपात्रं आणखी असती तर! नेझुकोला तर बांबूमुळे बराच काळ बोलताच येत नाही, आणि पहिल्या पर्वानंतर ती बहुतेक वेळा भावाच्या प्रेरणेपुरती उरते.

खलनायकाचीही गोष्ट अपुरी आहे. मुझानचा प्रवेश अप्रतिम आहे. तांजिरो पहिल्यांदाच तोक्योच्या असाकुसा भागात येतो, विजेचे दिवे पाहून गरगरतो, आणि त्या गर्दीत पाश्चात्त्य टोपी-कोटातला राक्षसराज बायको आणि लेकीला घेऊन फिरत असतो. वाईट रानात लपलेलं नाही, झगमगाटात सभ्य कपडे घालून उभं आहे. पुढे मालिका याचं काही करत नाही. मुझान मरणाला भितो, यापलीकडे त्याच्या मनात डोकावायला मिळत नाही. इथे मला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) आठवतो. नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, आणि काळही साधारण तैशोच्या आसपास सुरू होणारा. ‘तुंबाड’मध्ये राक्षस आणि माणूस यांच्यातला दुवा लोभ आहे आणि तो आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ‘डीमन स्लेयर’ छोट्या राक्षसांच्या बाबतीत हे साधते, मोठ्याच्या बाबतीत साधत नाही.

आणि धंदा. ‘मुगेन ट्रेन’ चित्रपट म्हणून आला, मग तोच कापून २०२१ मध्ये सात भागांचं पर्व झालं, त्यातला फक्त पहिला भाग नवा. २०२४ चं प्रशिक्षणाचं पर्व तर मूळ कथेतल्या मोजक्या प्रकरणांवर आठ भाग ओढतं. पळणं, दगड ढकलणं, भात शिजवणं आणि पुन्हा पळणं. चित्रकथा वेळेवर संपली म्हणून मी वर कौतुक केलं. पडद्यावर तिला ते भाग्य मिळालेलं नाही. अखेरची लढाई तीन चित्रपटांत विभागली आहे आणि अजून दोन यायचे आहेत.

दिंडोशीत बसून हे लिहिताना डोंगराच्या त्या बाजूची दादासाहेब फाळके चित्रनगरी डोळ्यांसमोर असते. ती १९७७ पासून इथे आहे आणि तिच्या आवारात ॲनिमेशन शिकवणारी संस्थाही आहे. मुंबईत कसबी रेखाटनकारांची उणीव कधीच नव्हती. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा जपानी शैलीतला चित्रपट १९९२ चा, जानेवारी २०२५ मध्ये तो भारतीय चित्रपटगृहांत आला तेव्हा तरुणांनी तो आवडीनं पाहिला. म्हणजे एकाच वर्षाच्या सुरुवातीला रामाचा धनुष्यबाण आणि सप्टेंबरात तांजिरोची तलवार. आपल्याकडे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पासून धारप-मतकरींपर्यंत अद्भुत आणि भयाचं साहित्य आहे, मर्दानी खेळाचे वस्ताद आहेत, वाघोबाला नवस बोलणारे आरेच्या पाड्यांतले वारली आहेत, आणि खरोखरचा बिबट्या रात्री कुंपणापर्यंत येणारं जंगल आहे. चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, ‘‘काका, आपल्या जंगलातल्या राक्षसाची सीरिज का नाही?’’ तिला मी पुस्तकं दिली. मालिका देणं माझ्या हातात नाही, पण ज्यांच्या हातात आहे त्यांनी हा प्रश्न ऐकावा असं फार वाटतं. निदान मराठी आवाज तरी द्या. हिंदीत, तमिळमध्ये, तेलुगूत जे जमलं ते मराठीत न जमण्याचं कारण नाही.

ज्यांना दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर ही मालिका पाहायची आहे, त्यांनी वय लक्षात घ्यावं. जपानमध्ये ‘मुगेन ट्रेन’ आणि ‘इन्फिनिटी कॅसल’ या दोन्ही चित्रपटांना बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांचं मार्गदर्शन हवं अशा सूचनेचं प्रमाणपत्र आहे, आणि ते योग्य आहे. मुंडकी उडतात, रक्त उडतं, पहिल्याच भागात भावंडांची प्रेतं दिसतात. पहिलं पर्व सलग पाहा आणि १९ व्या भागाच्या आधी मत बनवू नका. त्यानंतर ‘मुगेन ट्रेन’ चित्रपटच पाहा, सात भागांचं पर्व सोडलं तरी चालेल, फक्त त्याचा पहिला भाग क्योजुरो रेंगोकु या तलवारबाजासाठी पाहून घ्या. मग योशिवारातलं पर्व, ज्याची शेवटची लढत १९ व्या भागाच्या तोडीची आहे. योशिवारा हा वेश्यावस्तीचा भाग होता, तेव्हा मुलांचे प्रश्न येतील याची तयारी ठेवा. लोहारांचं गाव सावकाश पाहा. प्रशिक्षणाचं पर्व घाईत उरकलंत तरी काही बिघडत नाही, पण त्याचा शेवटचा भाग सोडू नका. मुझान स्वतः दलाच्या प्रमुखाच्या अंगणात चालत येतो, जमिनीतून दारं उघडतात, सगळे तलवारबाज ‘इन्फिनिटी कॅसल’ या उलट्यापालट्या किल्ल्यात कोसळतात, आणि चित्रपट तिथूनच पुढे सुरू होतो.